टाके

सकाळपासून भट्टीत अल्डरची लाकडं जळत होती.
तिसऱ्या प्रहरी आग बसली, धूर निघून गेला,
आणि काजळी धरलेल्या त्या खोपटात
आम्ही तिघी फळ्यांवर चढून बसलो:
सगळ्यांत वर हेल्वे आत्या, मध्ये मी,
खाली भाची त्रीनू, एकोणीस वर्षांची,
टॉवेल काखेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून.

आमच्या व्होरूकडे सॉनात टॉवेल घेऊन कुणी बसत नाही.
या फळ्यांनी काय काय पाहिलंय:
सिझेरियनचे व्रण, एकच स्तन उरलेली छाती,
शेजारच्या लाइनेची पोलिओने वाळलेली पोटरी.
"काढ गं तो, भिजून जड झालाय," आत्या म्हणाली.
त्रीनू एवढंच म्हणाली, "मांड्या."
मग बऱ्याच वेळाने, "संत्र्याच्या सालीसारख्या."

संत्रं आमच्या देशात पिकत नाही.
ती साल तिला फोनने दिली,
आणि अडतीस युरोंच्या त्या डबीने,
जिच्यात कॉफीचा वास आहे आणि पुष्कळशी आशा.

मी तार्तूच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं
माणसांचे काप काढते, मेणात बसवून, केसाहून पातळ,
गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवून.
म्हणून मीच सांगायला लागले,
जरा जास्तच माहीत असलेल्या माणसासारखी:
कातडीखालची चरबी मोकळी नसते,
खणाखणांत असते.
खणांच्या भिंती म्हणजे चिवट धागे,
वर कातडीला धरून, खाली खोल पापुद्र्याला.
पुरुषांत ते बहुधा तिरपे, एकमेकांत गुंतलेले.
आपल्यात बहुधा उभे, विहिरीच्या दोरांसारखे.
चरबी वर दाबते, दोर खाली ओढतो,
मधली कातडी काय करणार?
शिवाय वयात आल्यावर इस्ट्रोजेन,
शिवाय आईकडून आलेलं, आजीकडून आलेलं,
पातळ होत जाणारी कातडी, रेंगाळणारं रक्त.
"कशाचा वाटा किती, ते आम्हालाही नीटसं कळलेलं नाही."

"मी रोज सहा किलोमीटर धावते," त्रीनू म्हणाली.
"साखर सोडली. मग माझं चुकलं कुठे?"

माझ्याकडे आणखी शिवाय होते.
पण निखाऱ्यावरच्या दगडांवर आत्याने पळीभर पाणी टाकलं
आणि वाफ माझ्या तोंडावरच आली.

आत्या चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात होती,
बटणांचे सोफे करायची.
वीतभर लांब सुई अजून तिच्या हातात आहे
अशी तिने मूठ धरली,
हवेत खुपसली, मागून ओढली, गाठ मारली.
"फुगवटा भरावाचा. खड्डा दोऱ्याचा.
भराव उपसलास तरी बटण वर येत नाही, पोरी.
आणि दोरा तुटला,
तर वर्षभरात सगळा भराव एका कोपऱ्यात.
माणूस बसला की लाकूड टोचतं."
पाठीवर बर्चच्या डहाळ्यांचा फटकारा मारून घेत
ती थांबली, हिशेब आठवल्यासारखी:
"साध्या सोफ्याहून तो दीडपट महाग जायचा.
लोक नंबर लावायचे."

त्रीनू हसली नाही. मी हसले.
काचेच्या टिचभर खिडकीतून उजेड तिरका आला
आणि आत्याच्या एक्याऐंशी वर्षांच्या मांडीवर
खळगी-खळगीत थोडा थोडा अंधार साठला.
मग माझ्या मांडीवर. तेच टाके,
एकाच हातचे वाटावेत असे.
सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे मी हजारदा पाहिलेत,
स्वतःच्या अंगावर, खरं सांगायचं तर, टाळलेत.
अंधारात कपडे बदलणारी मी,
हिला कोणत्या तोंडाने शिकवत होते?

बाहेर तळ्यात बर्फ फोडून चौकोन केलेला.
आत्या गेली, शिव्या देत बुडून आली.
मी गेले.
त्रीनूने टॉवेल दारात सोडला नाही,
पाण्यापर्यंत गुंडाळूनच नेला.
मग शिडीपाशी तिने तो काढला, दोन घड्या केल्या,
बर्फावर टाकला
आणि त्याच्यावर उभी राहिली,
तळपाय गारठू नयेत म्हणून.